चुन्याच्या रेघेअलीकडे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं खेळले त्या मुलींजवळही नाही. सांगायला बसले की मी दुसरंच काहीतरी सांगते — चेंडूचं, मैदानाचं, पुण्याला जिंकलेल्या सामन्याचं. ऐकणाऱ्याला तेही आवडतं, आणि माझी सुटका होते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी जमेल. जमेल का? बघते.

मला सगळे लाजाळू म्हणतात. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. मिशनच्या इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढली, पण तिथंही विचारलं तेवढंच बोलले. लाजाळू हा शब्द फार सोयीचा असतो. एकदा तो चिकटला की माणसं पुढचं काही विचारत नाहीत, स्वतःच समजून घेतात. या हकिकतीत तो शब्द पुन्हा येईल. तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मीही पुष्कळ दिवस ठेवला होता.

बास्केटबॉल मी त्या शाळेतच शिकले. नाशिकच्या कॉलेजात आले तेव्हा आम्ही मुली इतक्या थोड्या होतो की मुलींच्या खोलीतल्या दोन बाकांवर सगळ्या मावत असू. आमच्यावर देखरेख करायला मिस साळवी होत्या — शरणपूरच्या, ख्रिस्ती, मद्रासला जाऊन व्यायामाचं शिक्षण घेऊन आलेल्या. खोलीच्या मागे उंच भिंतीचं आवार होतं. तिथं त्यांनी दोन खांब रोवून घेतले, लोहाराकडून कड्या करवून आणल्या, आणि आम्हा मुलींना कासोटा घालून खेळायला उभं केलं.

मुलींचा खेळ मुलांच्या खेळासारखा नसे. मैदानाचे तीन भाग करायचे, मध्ये चुन्याच्या रेघा मारायच्या. ज्या भागात उभी केली त्या भागातच खेळायचं. रेघ ओलांडली की चेंडू समोरच्यांना. चेंडू एकदाच आपटायचा, मग द्यायचा किंवा टाकायचा. बाकीच्या मुली या नियमाला कंटाळत. मला मात्र ती रेघ फार आवडे. माझी जागा ठरलेली, माझ्यासमोरची मुलगी ठरलेली. कड्याजवळच्या भागात मी उभी असे आणि चेंडू आला की टाकत असे. बहुतेक वेळा पडे. मिस म्हणत, "नलिनी, तू बोलत नाहीस ते बरंच आहे. तुझा हात बोलतो."

हे ऐकून मी खाली बघत असे. बघणाऱ्याला वाटे, पोरगी लाजली. मी लाजत नव्हते. मी ते वाक्य घरी जाऊन पुन्हा पुन्हा आठवत असे.

अनसूया — अनू — माझ्याच वर्गात होती. तिचे वडील देवळ्याचे. कॉलेजासाठी ती पंचवटीत मामांकडे राहायची. मामा पौरोहित्य करत. बहिणीच्या मुलीला कॉलेजात घातलं म्हणून भाऊबंदांचं पुष्कळ ऐकून घेतलेलं. अनू माझ्याहून बुटकी, पण पायाला भिंगरी. हसली की सगळ्या आवारात ऐकू जाई. तिनं खेळावं म्हणून मिस साळवी स्वतः मामांकडे गेल्या, आणि एकटीनं जायला नको म्हणून असेल, मलाही बरोबर घेऊन गेल्या. मामांनी आम्हाला पाट दिले, गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "व्यायाम चांगला. भिंतीच्या आत हवं तेवढं खेळू दे. पण लोकांपुढं नाही. पोरी, एवढा एक शब्द दे मला."

अनूनं शब्द दिला. मी शेजारीच बसले होते. पुढं मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय म्हणूनच माझ्याकडे नाही.

सहा जणींचा आमचा संघ. अनू सातवी. भिंतीआडच्या सरावात ती कुणाचीही जागा घ्यायची — कधी राखणाऱ्यांत, कधी मधल्या भागात, बहुतेक वेळा माझ्यासमोर. मला अडवायला तिला फार आवडे. "नलूताई, चेंडू टाकायच्या आधी तुमची भुवई वर जाते," असं चिडवायची. ताई वगैरे काही नाही, एकाच वयाच्या आम्ही. पण मी फार मोठी खेळाडू, म्हणून ताई.

तिला काय व्हायचं होतं ते सांगितलं पाहिजे. तिला मिस साळवी व्हायचं होतं. बी. ए. करायचं, मद्रासला जायचं, आणि मुलींना खेळ शिकवायचा. मिसनी तिला तसं बोलूनही दाखवलं होतं — मला नाही, तिला. "नलिनीचा हात चांगला आहे, पण शिकवायला अनसूया." ते मला लागलं होतं का? लागलं होतं. पण पुढं मी जे केलं त्याचं कारण ते नाही. असतं तर निदान त्यात काही जीव होता असं तरी म्हणता आलं असतं.

पुण्याच्या एका कॉलेजच्या मुली सामना खेळायला येणार असं ठरलं. भिंतीच्या आत नाही, मोठ्या मैदानावर, सगळ्यांसमोर. नाशकात मुलींचा असा सामना लोकांनी पाहिलेला नव्हता. मुलांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, आणि त्यात माझं नाव होतं. इंग्रजीचे प्रोफेसर वर्गात म्हणाले, आमची नाशिकची मुलगी पुणेकरणींना काय दाखवते ते बघू या. घरी वडिलांनीही चहाच्या वेळी दोनतीन मित्रांना सामन्याचं आमंत्रण देऊन टाकलं.

पुण्याच्या मुली दोन दिवस आधीच आल्या. बुधवारी संध्याकाळी मैदानावर त्यांचा सराव चालला होता, तो बघायला मिस आम्हाला घेऊन गेल्या. त्यांच्यात एक उंच, सावळी मुलगी होती. ती माझ्यासमोर उभी राहणार हे मला लगेच कळलं. तिनं पाच-सहा वेळा चेंडू वरच्यावर काढून घेतला — उडीही न मारता, नुसता हात वर करून. मग ती तिच्या मैत्रिणीशी काही बोलली आणि दोघी हसल्या. माझ्याकडे बघून नाही. त्यांना मी कोण ते ठाऊकही नव्हतं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, लोकांसमोर जायची लाज वाटत असेल पोरीला. पाहिलंत? तो शब्द पुन्हा आला. मी मान हलवली. पण लोकांची मला लाज वाटत नव्हती. पुढं शेकडो लोकांसमोर मी खेळले, कधी पाय लटपटला नाही. लोकांनी मला पाहावं, हे मला हवं होतं. त्यांनी मला हरताना पाहू नये, एवढंच.

आता आमच्या घरातली एक गोष्ट. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, पण घर चालायचं आत्याच्या सोवळ्यावर. आत्या विधवा झाल्यापासून आमच्याकडेच. महिन्याचे तीन दिवस मागल्या पडवीतल्या खोलीत बसायचं, वेगळं ताट, वेगळं कांबळं, वरून वाढायचं, चौथ्या दिवशी न्हायचं. यावरून माझी आणि आत्याची मोठी वादावादी. घरात मी एरवी बोलत नसे, पण यावर बोले. शाळेतल्या मॅडमची उदाहरणं देई, शरीरशास्त्र सांगे. "या अडाणीपणाला मी एक दिवस आग लावणार आहे," असं एकदा म्हटलंही. आत्या म्हणायची, "लाव बाई, पण चौथ्या दिवशी न्हाऊन मग लाव."

गुरुवारी सकाळी आत्या ताक करत होती. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, मला शिवू नकोस."

खोटं होतं. माझे दिवस यायला अजून अवकाश होता.

इतकं सोपं असतं ते. कुणी पडताळून बघत नाही, बघूच शकत नाही. आत्यानं रवी थांबवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर — मला वाटलं होतं ती मला टोचून बोलेल — तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "उद्या तुझा तो खेळ ना? आणि तरी आपणहून सांगितलंस. अगं, लपवलं असतंस तर मला काय कळणार होतं!" मग आईला हाक मारून म्हणाली, "वहिनी, पोरगी सुधारली हो आपली." दुपारी माझ्या ताटात वरून लोणकढं तूप पडलं. मी जेवले. चांगली जेवले, हेही सांगते.

आईनं निरोप पाठवल्यावर मिस साळवी तासाभरात आल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी हलक्या आवाजात इंग्रजीतून विचारलं, म्हणजे आत्याला कळू नये. तुला बरं नाही का? दुखतंय का? नाही म्हटलं. मग म्हणाल्या, आमच्या शरणपूरच्या मुली या दिवसांत खेळतात, काही होत नाही. तुझी इच्छा असेल तर मी आत्ता तुझ्या वडिलांना भेटते, ते नाही म्हणणार नाहीत.

ते नाही म्हणाले नसते. मला ठाऊक होतं. मी — आग लावायला निघालेली मी — म्हणाले, "आत्याच्या मनाला फार लागेल, मिस."

 त्यांना कळलं होतं का? कुणास ठाऊक. त्या एवढंच म्हणाल्या, "मग पाचच उरल्या. सामना सोडून द्यावा लागेल." आणि गेल्या.

सामना सोडला तर काय होईल, याचा विचार मी केलाच नव्हता. आता तो सुचला. फळ्यावर नाव माझं होतं. नाशिकचा संघ उभाच राहिला नाही, आणि तो कुणामुळे, याची चर्चा महिनाभर चालली असती. माझी गैरहजेरी गुपचूप पचायची असेल तर सामना व्हायला हवा होता. सहावी हवी होती.

संध्याकाळी अनू आली. आत्यानं तिला मागच्या दारानं सोडलं आणि लांबूनच बजावलं, "उंबऱ्याच्या बाहेर बस गं. मामांकडे शिवताशिवत नेऊ नकोस." अनू उंबऱ्याबाहेर बसली, मी आत. ती आल्याआल्या हसली, "काय महाराणी! बरोबर मुहूर्त साधलात!" मग हसू गेलं. म्हणाली, मिसनी मला काही विचारलेलं नाही, त्या विचारणारही नाहीत. पण सगळ्या माझ्याकडेच बघतायत. मग म्हणाली, "मी मामांना शब्द दिलाय, नलू. काय करू मी?"

इथंपर्यंत येताना मी फार वळसे घेतले, कारण इथंच यायचं नव्हतं.

तिनं मला विचारलं. मी तेव्हा खरं बोलू शकत होते. उठून उंबरा ओलांडायचा, तिचा हात धरायचा, एवढंच होतं. निदान गप्प बसू शकत होते — गप्प बसणं तर मला येत होतं! मी गप्प बसले नाही. मी म्हणाले, "एकदाच तर आहे. आणि मामा पंचवटीत. नदी ओलांडून त्यांना सांगायला कोण जातंय?"

ती विचार करत होती. मी आणखी म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांचा विरस झाला असं मला आयुष्यभर वाटत राहील."

हे वाक्य मी मुद्दाम बोलले. तिचा स्वभाव मला माहीत होता.

मग आम्ही चिंचोके घेतले. उंबऱ्याच्या त्या बाजूला तिचे, या बाजूला माझे, म्हणजे शिवायला नको. तिनं मैदान मांडलं, सहा चिंचोके, मध्ये दोन रेघा. मी आतून केरसुणीच्या हिरानं दाखवत गेले. ती उंच मुलगी डावीकडे हात आधी नेते. तिच्या अंगावरून चेंडू टाकू नकोस, एकदा आपटून बाजूनं जा. पण रेघेकडे लक्ष ठेव, तुझे पाय थांबत नाहीत. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं. मी चांगलं शिकवलं. इतकं मोकळं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

शुक्रवारी सामना झाला. मी पडवीच्या खोलीत भिंतीला टेकून होते. समोर आत्याच्या कुरडया वाळत होत्या. पाच वाजता मला वाटलं, अजूनही जाता येईल. साडेपाचला वाटलं, आता संपत आला असेल. मग दिवे लागले.

आम्ही हरलो. एका बास्केटनं. नंतर मुलींनी सांगितलं ते असं: पहिल्या अर्ध्या वेळात अनू तीनदा रेघेपलीकडे गेली, लोक हसले, तीही हसली. मग तिला सूर सापडला. त्या उंच मुलीच्या बाजूनं ती अशी काही निघून जायची की मुलं टोप्या उडवायला लागली. एकदा आपटली, हाताला खडी लागली, उठून पुन्हा चेंडू मागितला. सामना संपल्यावर पुण्याच्या त्या मुलीनं येऊन तिला मिठी मारली. हरल्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. प्रोफेसर नाही, वडील नाहीत, त्यांचे मित्र नाहीत. ज्याला मी एवढी भ्याले, त्यानं कुणाचं काहीच झालं नाही.

शनिवारी सकाळी मामा नदीवर स्नानाला गेले, तेव्हा घाटावर कुणीतरी म्हणालं, "काय गुरुजी, भाची हरणीसारखी पळते म्हणे! पोटऱ्या पाहून आलं हो सगळं गाव!" मामा संध्या अर्धी टाकून घरी आले. ते अनूला ओरडले नाहीत. सगळं विचारून घेतलं, तिनं सगळं सांगितलं, नलूचा नाइलाज होता तेही सांगितलं. मग म्हणाले, "मी लोकांना तोंड देत होतो ते तुझ्या एका शब्दावर." त्यांनी स्वतःच तिची ट्रंक खाली काढली. मिस साळवी गेल्या, बाहेर ओट्यावर बसून राहिल्या, परत आल्या. कॉलेज सुटलं. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, मालेगावकडे दिली. मिस मद्रासला कुणाला पाठवणार होत्या ते मी सांगितलंच आहे.

पुढं मी बी. ए. झाले तेव्हा त्या मला म्हणाल्या, तू जा. मी गेले.

पुढचं तुम्हाला कुणीही सांगेल. दोन वर्षं मी कॉलेजच्या संघाची कॅप्टन होते. पुण्याला जाऊन त्याच कॉलेजला हरवलं. तीच उंच मुलगी माझ्यासमोर होती, आणि मी तिच्या बाजूनं जात होते — चिंचोक्यांवर दाखवलं होतं तसं. लोक विचारत, एवढी लाजाळू मुलगी मैदानात अशी कशी होते? आता मी इथंच एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. रेघा मीच मारते. कधी कधी एखादी मुलगी येते, खाली बघत म्हणते, "बाई, आज मला खेळता येणार नाही." काही खरं सांगतात, काही खोटं. मला बहुतेक वेळा कळतं. मी काही विचारत नाही, बस म्हणते. हा दयाळूपणा आहे असं शाळेत सगळ्यांना वाटतं.

त्या महिन्यात माझे खरे दिवस आले तेव्हा नुकतं बसून झालं होतं. मग कसं सांगणार? मी लपवलं. आत्याच्या देवांना फुलं वाहिली, तिच्या ताटात वाढलं. आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. पोरगी सुधारली, असं जाईपर्यंत सांगत होती. पण याचं मला फार वाटत नाही, खरं सांगते. वाटतं ते दुसऱ्याचं.

त्या सामन्यानंतरच्या रविवारी सकाळी मी न्हाले. केस वाळवत उभी होते, तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. अनू देवळ्याच्या मोटारीला चालली होती. मामा टांग्यातच बसून राहिले, तिला मात्र दोन मिनिटं दिली. ती आत आली, थबकली, आणि विचारलं, "आता शिवलं तर चालेल ना?" मी हो म्हटलं. तिनं माझे दोन्ही हात धरले. बहुतेक माझा चेहरा तिला बघवला नसेल.

"असं तोंड करू नकोस, नलू," ती म्हणाली. "तू काय मुद्दाम केलंस?"

मी म्हटलं, "नाही."

तिच्या तळहाताला मैदानावर पडल्याचं खरचटलं होतं. ते माझ्या हाताला लागत होतं. टांगेवाल्यानं हाक मारली, आणि ती गेली.